'अपौरुषेय' म्हणजे देवाने लिहिलेलं का?

आमच्याकडे रामबागेत गणपतीत सगळे मिळून अथर्वशीर्ष म्हणतात, परवा पठण झाल्यावर एक काका म्हणाले हे अपौरुषेय आहे म्हणजे प्रत्यक्ष देवानेच रचलंय, तर माझी भाची घरी येऊन विचारते, मावशी पुरुषांनी नाही लिहिलं मग बायकांनी लिहिलं का? इंदूरात दिवसभर हिंदी कानावर, पौरुष म्हणजे मर्दानगी एवढंच तिला माहीत. आणि 'गणक ऋषिः' म्हणतोच की आपण, मग तो लेखक नाही का? जाणकारांनी सांगा ना.

— ताई, इथे पुरुष म्हणजे बाप्या नव्हे, कोणीही व्यक्ती. पौरुषेय म्हणजे व्यक्तीने केलेलं, व्याकरणकार पाणिनीच्या सूत्रावरच्या वार्तिकात, म्हणजे पुरवणी नियमात, 'तेन कृत' (त्याने केलेलं) हा अर्थ आहे. लोपामुद्रा, घोषा यांच्या नावावर ऋग्वेदात सूक्तं आहेत पण त्याही कर्त्या नाहीत, मंत्र 'दिसलेल्या' आहेत. यास्काचं निरुक्त, म्हणजे वेदातल्या शब्दांची फोड सांगणारा ग्रंथ, म्हणतं, 'ऋषिर्दर्शनात्', म्हणजे दिसतं म्हणून ऋषी. गणक ऋषींचंही तसंच.

— काका म्हणतात ते मत आहे, पण नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांचं, आणि त्यांच्या हिशेबाने वेद पौरुषेयच, कारण ईश्वर झाला तरी कर्ताच ना. कर्ताच नाही असं म्हणणारे मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाचे लोक, आणि त्यांचं कारण मला फार पटतं की सांगणारा आला म्हणजे त्याचा गैरसमज, त्याची लबाडी, त्याचं विसरणं सगळं सोबत येतं, सांगणाराच नसेल तर दोष चिकटणार कुठे? मग वेदाच्या काठक शाखेला कठ ऋषीचं नाव कसं, तर मीमांसासूत्रं रचणारे जैमिनी म्हणतात 'आख्या प्रवचनात्', म्हणजे तो ती शिकवायचा म्हणून, आपण नाही का म्हणत अमक्या मास्तरांचा क्लास, गणित काही मास्तरांनी केलेलं नसतं.

— पेपरात 'अपौरुषेय पराक्रम' छापतात ते मात्र चूक हो, तिथे अलौकिक किंवा अचाट हवं. आणि पौरुषेय म्हणजे कमी दर्जाचं असंही नाही, रामायण-महाभारत पौरुषेयच आहेत.

— सगळ्यांचे आभार, भाचीला सांगितलं. आता विचारते, मग पहिल्यांदा कोणी म्हटलं?

— अगं, हाच तर मीमांसेतला प्रश्न! तिला विचार अथर्वशीर्ष कोणाकडून शिकलीस, आजीकडून म्हणेल, आजी तिच्या वडिलांकडून. मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतात वेदाचं प्रत्येक अध्ययन हे गुरूच्या अध्ययनामागूनच होतं, म्हणून ही गुरु-शिष्यांची ओळ मागे कुठे सुरूच होत नाही.