डबलडेकरमध्ये वर सीट मोकळ्या असताना खाली एवढी रेटारेटी का होते?

चाकरमानी_कुर्ला

नमस्कार मंडळी,

मुंबईत कुर्ला स्थानक पश्चिमेहून बीकेसीमार्गे (वांद्रे-कुर्ला संकुल) वांद्र्याला जाणाऱ्या 310 नंबरच्या बसमार्गावर एसी डबलडेकर धावतात. सकाळच्या ऑफिसच्या वेळी चित्र ठरलेलं असतं. खाली दारापासून जिन्यापर्यंत माणसं दाटलेली, दार लागत नाही म्हणून गाडी जागची हलत नाही, आणि वर मात्र सात-आठ सीट मोकळ्या. संध्याकाळी परतीला तीच गत.

तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. वर जागा असूनही माणसं खालीच का अडकतात? वरच्या सीट भरल्यावर तिथे उभं राहू देत नाहीत, त्यामागे खरं कारण काय? आणि वर बसलेल्याने नेमकं कधी खाली यायचं, म्हणजे स्टॉपही चुकणार नाही आणि जिन्यात कोंडीही होणार नाही? गाड्या वाढवायला हव्यात हे तर आहेच, पण आहे त्या गाडीत प्रवाशांच्या हातात काय आहे, ते कळलं तर बरं होईल.

---

निवृत्त_वाहक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी आहे. दारातून आत आलेला माणूस तिथे क्षणभर थांबतो. वर जागा आहे की नाही ते खालून दिसत नाही. वर जाऊन जागा मिळाली नाही तर चालत्या गाडीत परत उतरायचं, त्यापेक्षा खालीच दांडा पकडलेला बरा, असा हिशेब तो करतो. तो थांबला की मागचा थांबतो, आणि जिन्याचं तोंड बंद होतं. आता ज्याला खरंच वर जायचंय त्यालाही वाट नाही. खालचा मजला भरल्यामुळे वरचा मजला रिकामा राहतो, हे उलटं वाटेल, पण गर्दीच्या वेळी घडतं ते असंच.

दुसरं कारण अंतराचं. कुर्ल्याहून बीकेसीला जाणाऱ्याचा प्रवास जेमतेम भाड्याच्या पाच किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यात बसतो. "एवढ्यासाठी कोण वर चढणार" म्हणून तो दाराजवळच उभा राहतो. लांबच्या मार्गावर माणूस आपणहून वर जातो, छोट्या मार्गावर त्याला सांगावं लागतं.

जुन्या डबलडेकरला दोन कंडक्टर असायचे, एक खाली, एक वर. वर किती जागा आहे हे वरच्याला माहीत, आणि खालचा त्या अंदाजाने "वर चला, वर जागा आहे" म्हणून माणसं चढवायचा. मुंबईत डबलडेकर आली 1937 साली, आणि जुन्या बिगर-एसी डबलडेकरची शेवटची फेरी झाली 15 सप्टेंबर 2023 ला. एवढ्या वर्षांत गर्दी वर-खाली सारखी वाटली जायची ती त्या आवाजामुळे. आज हे काम प्रवाशांनीही करावं. वर बसलेल्याने जिन्याकडे तोंड करून "वर पाच सीट आहेत" एवढं मोठ्याने सांगितलं, तरी खालचे चार-पाच जण लगेच हलतात. आकडा सांगा. नुसतं "जागा आहे" म्हटलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

---

वाहतूक_अभ्यासक

वर उभं न राहू देण्यामागे गाडीचा तोल आहे आणि माणसाचा तोलही आहे.

आपल्याकडे दुमजली गाडीची उंची नियमाने 4.75 मीटरपर्यंत असू शकते. उंच गाडीत वजन जितकं वर जाईल तितका गुरुत्वमध्य, म्हणजे सगळ्या वजनाचा मध्यबिंदू, वर सरकतो, आणि वळणावर गाडी जास्त कलते. एका माणसाचं वजन 65 किलो धरा. वर 15 जण उभे राहिले तर साधारण एक टन वजन सर्वात उंच जागी वाढलं. शिवाय उभ्या माणसाचं वजन बसलेल्याच्या वजनापेक्षा वर असतं, आणि वळणावर सगळे एकाच बाजूला झुकतात. ब्रिटनमध्ये डबलडेकरची कलण्याची चाचणी घेतात ती फक्त वरचा मजला भरलेला धरून, आणि गाडी 28 अंशांपर्यंत कलली तरी उलटता कामा नये अशी अट असते. म्हणजे वरच्या सगळ्या सीट भरल्या तरी भिऊ नका, तो भार धरूनच गाडी बनते. पण त्या हिशेबात माणसं बसलेली असतात, उभी नसतात.

माणसाचा तोल तर त्याहून आधी जातो. वरचं छत बुटकं, उंच माणसाला मान वाकवूनच उभं राहावं लागतं. अचानक ब्रेक लागला की खाली उभा असलेला माणूस पुढच्यावर आदळतो, पण वर जिन्याच्या तोंडाशी उभा असलेला थेट जिन्यातून खाली जातो. म्हणून जिन्यात आणि जिन्याच्या वरच्या तोंडाशी उभं राहणं ही डबलडेकरमधली सगळ्यात धोक्याची सवय आहे. दारात लटकण्याइतकीच, पण ती कुणाला धोक्याची वाटत नाही.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 123 प्रमाणे फूटबोर्डवर, टपावर किंवा बॉनेटवर प्रवास करायला मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 194अ सांगतं की परवानगीपेक्षा जास्त प्रवासी नेले तर प्रत्येक जादा प्रवाशामागे 200 रुपये दंड. "आणखी दोघांना घ्या ना" म्हणून चालक-वाहकाशी हुज्जत घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बसून किती आणि उभे किती, हा आकडा गाडीत रंगवलेला असतो, तो एकदा बघून ठेवा.

---

मागचं_दार

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या स्टॉपच्या आधीचा स्टॉप सुटला की लगेच खाली यायला निघा. गाडी थांबल्यावर वरून निघालात तर सगळ्या गाडीचा खोळंबा होतो.

हिशेब मांडतो. समजा एका स्टॉपवर 40 जण उतरणार आहेत. एका दारातून दोन सेकंदाला एक माणूस धरला तर 80 सेकंद लागतील, दोन्ही दारं नीट वापरली तर 40. या 40 पैकी 12 जण वर बसलेले आहेत आणि गाडी थांबल्यावर उठले, तर खालचे उतरून गेले तरी दार उघडंच ठेवावं लागतं. जिन्यात एकावेळी एकच माणूस उतरतो आणि सपाट जागेपेक्षा हळू उतरतो. त्यात आणखी अर्धा मिनिट सहज गेलं. तेवढ्यात चढणारे आत घुसतात, आणि उतरणारे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडकतात.

हा अर्धा मिनिट किरकोळ समजू नका. एक गाडी उशिरा झाली की पुढच्या स्टॉपवर जास्त माणसं जमलेली असतात, म्हणून ती आणखी उशिरा होते. तिच्या मागची गाडी रिकामी धावते आणि तिला गाठते. "अर्धा तास एकही नाही आणि मग दोन एकदम" हे अनेकदा असंच होतं.

---

मावशी_सांताक्रूझ

मागचं_दार, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण सल्ला अर्धवट आहे. आधीचा स्टॉप सुटला की निघा म्हणजे चालत्या गाडीत जिना उतरा, असाच अर्थ होतो. साठीच्या बाईला, गुडघे दुखणाऱ्याला किंवा कडेवर मूल असलेल्या आईला असं सांगणं योग्य नाही.

यावर उपाय आहे. दोन टप्प्यांत उठायचं. दोन स्टॉप आधी, गाडी थांबलेली असताना, खिडकीची सीट सोडून जिन्याजवळच्या कडेच्या सीटवर येऊन बसायचं. तोवर वर बऱ्याच सीट मोकळ्या झालेल्या असतात. मग आपल्या स्टॉपआधीच्या सिग्नलला किंवा कोंडीत गाडी उभी राहिली की खाली उतरायचं. वांद्र्यातल्या कलानगरच्या बाजूला गाडी थांबत-थांबतच जाते, उतरायला वेळ मिळतो. सिग्नल लागलाच नाही तर स्टॉपवर गाडी पूर्ण थांबल्यावर निघा, आणि निघताना "उतरायचंय, दार बंद करू नका" असं मोठ्याने सांगा.

जिना उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. मोबाइल खिशात, पाठीवरची बॅग पुढे किंवा खांद्याला तिरकी. एक हात वरच्या कठड्यावर, तो घट्ट धरलेला असतानाच दुसरा खालच्या दांड्यावर. पाऊल पूर्ण पायरीवर टेकवा, टाचेवर नको. पायऱ्या वळणाच्या असतात, वळणाच्या आतल्या बाजूला त्या अरुंद होतात आणि पाय घसरतो तो तिथेच. म्हणून बाहेरच्या रुंद बाजूने उतरा.

आणि ज्यांना जिना चढणं खरंच कठीण आहे त्यांना खाली सीट मिळायलाच हवी. पंचविशीतला तरुण खाली राखीव सीटवर आणि आजोबा दांडा धरून उभे, हे बघवत नाही. धडधाकट माणसाने वर जाणं हीसुद्धा मदतच आहे.

---

मागचं_दार

मावशी, पटलं. चालत्या गाडीत उतरण्याचं माझं वाक्य मागे घेतो. दोन टप्प्यांची पद्धतच बरोबर.

---

चाकरमानी_कुर्ला

सगळ्यांचे आभार. हे रोज करण्यासारखं आहे. आणखी दोन विचारतो. दार लागत नाही म्हणून गाडी खोळंबते, त्यावर काय करता येईल? आणि तिकिटासाठी कंडक्टर गर्दीत पोचतच नाहीत, मग उतरताना दाराशी झटापट होते. त्यावर?

---

निवृत्त_वाहक

दाराचं आधी. जुन्या डबलडेकरचा मागचा प्लॅटफॉर्म उघडा असायचा, शेवटचा माणूस दांडा धरून उभा राहिला तरी गाडी निघायची. नव्या एसी गाडीत दार चालकाच्या हातात असतं, आणि दारं बंद झाल्याशिवाय गाडी हलू नये अशी व्यवस्था असते. बॅगेचा पट्टा, छत्रीचं टोक किंवा कोपर दाराच्या रेषेत आलं की दार परत उघडतं. बाहेरच्याला वाटतं चालक मुद्दाम थांबलाय. खरं म्हणजे दाराजवळच्या तिघा-चौघांनी एक पाऊल आत टाकलं की काम होतं. पाठीवरची बॅग पुढे घेतली तरी प्रत्येकामागे वीतभर जागा निघते. दहा माणसांत ती आणखी दोघांना पुरते.

तिकिटाचं. एसीचं किमान भाडं मे 2025 पासून 12 रुपये आहे. बाराचे सुट्टे, म्हणजे दहाची नोट आणि दोनचं नाणं, रांगेत असतानाच हातात ठेवा. शंभराची नोट काढली की कंडक्टरची दोन मिनिटं तिथेच जातात आणि पुढच्या सहा माणसांपर्यंत तो पोचत नाही. बसतिकिटाच्या चलो ॲपवर तिकीट किंवा पास असेल तर चढण्याआधीच तो स्क्रीनवर उघडून ठेवा. गाडीत नेटवर्क गेलं की ॲप फिरत बसतं. कार्ड असेल तर सगळ्यात सोपं. आणि पैसे पुढे देताना "एक बीकेसी" असं ठिकाण सांगून द्या. हातोहात पुढे गेलेल्या नोटेचं तिकीट कुठलं फाडायचं, हेच अनेकदा कळत नाही.

---

वाहतूक_अभ्यासक

वर जागा आहे की नाही हे खालून दिसत नाही, हा मूळ मुद्दा इतर शहरांनी सोडवलेला आहे. हाँगकाँगमध्ये अनेक डबलडेकरमध्ये खाली जिन्याजवळ छोटा फलक असतो, त्यावर वर किती सीट मोकळ्या आहेत त्याचा आकडा दिसतो. वर जाणारे आणि खाली येणारे मोजून तो आकडा बदलत राहतो. तिथेही वर उभं राहायला मनाई आहे. लंडनमध्ये चालकाला वरचा मजला दिसावा म्हणून एकेकाळी आरशांचा पेरिस्कोप बसवत, आता कॅमेरा असतो. आपल्याकडच्या गाड्यांमध्येही जिन्याजवळ असा आकडा दिसावा, अशी मागणी लेखी करण्यासारखी आहे. गाडी नंबर, मार्ग, वेळ लिहून सूचना पाठवा. "गर्दी फार होते" एवढंच लिहिलं तर त्यावर कुणाला काही करता येत नाही.

सुरुवातीच्या स्टॉपवर रांगेच्या दोन ओळी केल्या तरी फरक पडेल. कलानगर, वांद्रे अशा लांबच्यांनी आधी चढून थेट वर जायचं, बीकेसीचे मागून चढून खाली राहतील. आधी वरचा मजला भरला की जिन्याचं तोंड आपोआप मोकळं राहतं. मुंबईकरांना बसची रांग लावायला शिकवावं लागत नाही, रांगेचा क्रम तेवढा बदलायचा.

---

मावशी_सांताक्रूझ

एक राहिलं, पावसाळ्याचं. ओली छत्री घेऊन वर गेलात की तिचं पाणी पायऱ्यांवरून खाली येतं आणि पायरीच्या धातूच्या कडा निसरड्या होतात. मागून उतरणारा घसरतो. छत्री दाराबाहेरच दोनदा झटका, गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मगच चढा. गुळगुळीत तळाची चप्पल असेल तर त्या दिवशी खालीच उभ्या राहा. आणि वर सगळ्यात पुढच्या सीटवर लहान मुलांना बसवता, तिथे पुढे धरायला दुसरी सीट नसते. ब्रेक लागला की मूल समोरच्या काचेवर आदळतं. त्याला मोठ्यांच्या आतल्या बाजूला बसवा आणि हात पुढच्या दांड्यावर ठेवायला लावा.