पॉमेरियनचा पुढचा पाय मोडलाय: प्लास्टर की प्लेट?

प्रश्न: वय ९ महिने, वजन २.१ किलो. सोफ्यावरून उडी मारली आणि मनगटाच्या जरा वर रेडियस-अल्ना (पुढच्या पायातली दोन लांब हाडं) दोन्ही आडवी मोडली. जखम नाही. प्लास्टरवर भागेल का?

उत्तर १: प्लास्टर नको. इतक्या लहान कुत्र्यांत रेडियसच्या खालच्या टोकाला रक्तपुरवठा मुळातच कमी, भोवती स्नायूही नाहीत. प्लास्टरच्या आत टोकं हलत राहतात; हाड जुळत नाही किंवा वाकडं जुळतं. हाडाच्या पोकळीत पिन (धातूची सळी) घालायचं सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. पोकळी फार अरुंद असते, पिनने हाडाचं फिरणं थांबत नाही, शिवाय मनगटाचा सांधा बिघडतो.

उत्तर २: सहमत. शस्त्रक्रिया करून १.५ मिमी स्क्रूची टी-प्लेट (T आकाराची धातूची पट्टी), रेडियसच्या पुढच्या बाजूने. खालचा तुकडा फार आखूड असतो, म्हणून टीच्या आडव्या भागात शेजारी-शेजारी २ स्क्रू, वरच्या तुकड्यात ३. स्क्रूचा व्यास हाडाच्या रुंदीच्या ४० टक्क्यांच्या आतच हवा, नाहीतर त्याच भोकातून हाड पुन्हा मोडतं. अल्नाला सहसा वेगळी प्लेट लागत नाही.

उत्तर ३: खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतर. ६ ते ८ आठवडे पिंजरा, शी-शूपुरतं पट्ट्याने बाहेर, उड्या पूर्ण बंद. बँडेजमधून मधल्या दोन बोटांची नखं दिसू द्या. ती एकमेकांपासून फाकली तर सूज आहे, लगेच दाखवा. एक्स-रे ४ आणि ८ आठवड्यांनी. प्लेटच भार पेलत राहिली की प्लेटखालचं हाड विरळ होतं; तसं दिसलं तर हाड जुळल्यावर काही स्क्रू टप्प्याटप्प्याने काढतात.