डाऊट आणि सस्पेक्ट ‘जवळपास एकच’? अहो, उलटे आहेत ते!

जुना_फिटर (धागाकर्ता)
काल सोसायटीच्या ग्रुपवर ‘रोज एक इंग्रजी धडा’वाली पोस्ट आली. त्यात म्हटलं होतं: “डाऊट आणि सस्पेक्ट, दोन्हींचा अर्थ संशय असणे. थोडा असेल तर डाऊट, जास्त असेल तर सस्पेक्ट.” खाली 27 अंगठे. मी रात्री साडेअकराला उठून पाणी प्यायलो, तरी डोकं शांत होईना, म्हणून इथे लिहितोय.

थोडा-जास्तचा प्रश्नच नाही. ‘आय डाऊट दॅट ही टुक इट’ म्हणजे त्यानं घेतलं असेल असं मला वाटत नाही. ‘आय सस्पेक्ट दॅट ही टुक इट’ म्हणजे त्यानंच घेतलं असावं. एकात माणूस सुटतो, दुसऱ्यात अडकतो.

आता हे मला का टोचतं ते सांगतो. मी चाकणला हायड्रॉलिक पंपांच्या कारखान्यात क्वालिटीला होतो. इंग्लंडातल्या लीड्सच्या एका गिऱ्हाइकाकडे आमचा पंप प्रेशर धरेना. त्यांनी फोटो आणि रीडिंग पाठवली. आमचा एक पोरगा, पंपाला हात लावून कुठलं बेअरिंग खातंय ते सांगणारा, त्यानं फोटो मोठा करून बघितला. शाफ्टच्या तोंडाशी केसाएवढा तेलाचा ओघळ होता. बरोबर पकडलं पठ्ठ्यानं. आणि मेल टाकला: ‘वी डाऊट दॅट द शाफ्ट सील इज लीकिंग.’

लीड्सच्या माणसानं काय वाचलं? सील गळत असेल असं कारखान्याला वाटत नाही. त्यानं सील तेवढं सोडलं आणि बाकी सगळा पंप उकलला. 2 दिवस लाइन बंद. तिसऱ्या दिवशी सील काढलं तर लिप, म्हणजे तेल अडवणारी कड, फाटलेली. मग आली डेबिट नोट, म्हणजे नुकसान आमच्या नावावर टाकणारा कागद. रोग ओळखणाऱ्या पोराला साहेबानं सगळ्यांसमोर झापलं, आणि इथे लोक म्हणतात थोडा असेल तर डाऊट!

घाटावरचा
फिटरकाका, गोष्ट झकास आहे, पण दोष शब्दाचा की त्या लीड्सवाल्याचा? 2 दिवस पंप उकलत बसला, एक फोन करता आला नाही त्याला? जपानी क्लायंटचं इंग्रजी आम्ही तीनतीनदा वाचून समजून घेतो, त्यांना कोणी डेबिट नोट पाठवत नाही. आपण तेवढे कायम परीक्षेला बसलेले.

‘आय हॅव अ डाऊट’ अख्ख्या देशाला कळतं, तामिळनाडूपासून पंजाबपर्यंत. भाषा वापरणाऱ्याची असते. पुण्यात जन्मलं की दुसऱ्याच्या इंग्रजीचं ऑडिट फुकट मिळतं वाटतं.

जुना_फिटर
जन्म करमाळ्याचा, आयटीआय बार्शीचा. इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि आठवीत बंद पडल्यासारखंच होतं. ऑडिट नाही करत, मार खाल्लाय म्हणून सांगतोय.

लातूरची_आई
डाऊटचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. मुलाच्या क्लासमध्ये ‘डाऊट काउंटर’ आहे. हो, काउंटर. रेल्वेच्या तिकिटासारखी रांग लावायची, चिठ्ठीवर नंबर, एका मुलाला 3 मिनिटं. परवा हा फिजिक्सचे 5 डाऊट घेऊन गेला. दोन झाले, तिसऱ्याला समोरच्या सरांनी विचारलं, “हा डाऊट आहे की तू धडाच वाचला नाहीस?” पोरगं उरलेले तीन तसेच खिशात घेऊन आलं. शर्ट धुताना चिठ्ठी मला सापडली. फी किती भरलीय ते विचारू नका.

घाटावरचा
ताई, हेच म्हणतोय मी. तिथे डाऊट म्हणजे प्रश्न. त्यात सस्पेक्टचा काय संबंध? नवीन अर्थ आहे, आपला आहे, चालतोय.

मास्तरीणबाई
चालतोय म्हणून बरोबर होत नाही. 31 वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘क्वेश्चन’ नावाचा सरळ शब्द असताना पोरं ‘डाऊट’ का म्हणतात सांगू? प्रश्न विचारला की आपल्याकडे उद्धटपणा वाटतो. ‘शंका आहे’ म्हटलं की नम्र वाटतं. म्हणजे आधी शंका आली, तिचा डाऊट झाला. अमेरिकेतल्या वर्गात उभं राहून ‘सर, आय हॅव अ डाऊट’ म्हणा. ते समजतात, तुमचा त्यांच्या सांगण्यावरच विश्वास नाही.

लघुलेखक
आमच्या शाळेत ‘बाई, शंका आहे’ म्हटलं की बाई आधी करंगळी वर आहे का ते बघायच्या.

मास्तरीणबाई
माझ्या वर्गात दोन्ही शंकांना परवानगी होती. विषयावर या.

लातूरची_आई
विषयावरच आहे मी. मास्तरीणबाई, प्रश्न विचारणं उद्धटपणा वाटतो म्हणता, मग तो वाटायला लावला कोणी? शिक्षकांनीच ना? तुमच्या वर्गात 60 पोरं, त्यातली किती उभी राहायची खरं सांगा. शाळेत विचारता आलं असतं तर मी क्लासच्या काउंटरला पैसे कशाला मोजले असते?

मास्तरीणबाई
60 नव्हे, 72. आणि जनगणना, निवडणूक, खिचडीचा हिशेब यातून उरलेल्या वेळात. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हा ते शिकवायला माणूस आहे का हे कोणी विचारलं? ज्या बाईंना स्वतःला इंग्रजी पाचवीत भेटलं, त्याच पहिलीला ए फॉर ॲपल शिकवायला उभ्या. दोष द्यायला शिक्षक बरे सापडतात.

लातूरची_आई
तुम्हाला वैयक्तिक म्हटलं नव्हतं. पण लागलंच असेल तर असू द्या.

अबर्डीनकर
भांडण जरा थांबवा, फिटरकाकांच्या नियमालाच सुरुंग लावते. मी 9 वर्षं स्कॉटलंडात अबर्डीनला आहे. पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातून उशिरा निघाले तर दारावरचे आजोबा म्हणाले, ‘आय डाऊट यू’व्ह मिस्ड द लास्ट बस.’ मी काकांसारखीच शिकलेली. अर्थ लावला, बस चुकली असेल असं यांना वाटत नाही. खूश होऊन स्टॉपवर गेले. 40 मिनिटं उभी! समुद्रावरचा वारा, एक हातमोजा पर्समध्ये सापडेना. शेवटी आजोबाच बाहेर आले आणि टॅक्सी बोलावली. त्यांना म्हणायचं होतं, “शेवटची बस चुकली वाटतं तुझी.”

स्कॉटलंडमध्ये हा वापर रोजचा आहे. ‘आय डाऊट इट्स गोइंग टु रेन’ म्हणजे पाऊस येणारसं दिसतंय. तेव्हा काका, तुमचा पोरगा चाकणऐवजी अबर्डीनचा असता तर तोच मेल बरोबर ठरला असता.

घाटावरचा
अबर्डीनताई, तुमच्यासाठी चहा आणि खारी. काका, घ्या!

जुना_फिटर
स्कॉटलंडची बोली हा अपवाद. मेल लीड्सला गेला होता, अबर्डीनला नाही.

अबर्डीनकर
अपवाद म्हणून झटकू नका. तो जुना वापर टिकून राहिलाय. शेक्सपिअरच्या हॅम्लेटला बापाचं भूत दिसल्याचं कळतं तेव्हा पहिल्याच अंकात तो म्हणतो, ‘आय डाऊट सम फाउल प्ले.’ काळंबेरं नाही असं त्याला म्हणायचं नाहीये. काहीतरी काळंबेरं आहे याचा वास आलाय त्याला. 1600च्या आसपास इंग्लंडातही डाऊट असा चालायचा. म्हणजे चाकणच्या पोरानं केलं ते शेक्सपिअरनं आधी केलेलं होतं.

जुना_फिटर
शेक्सपिअरला डेबिट नोट आली नव्हती.

लघुलेखक
आता करंगळी खाली घेऊन बोलतो. मी कोर्टात आहे. आमच्याकडे रोज मराठीत दोन वाक्यं टाइप होतात. एक, ‘संशयित म्हणून ताब्यात घेतले.’ दुसरं, ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त करण्यात आले.’ पहिला संशय सस्पेक्टचा, दुसरा डाऊटचा. म्हणजे मराठीत माणसाला संशयावरून धरतात आणि संशयावरूनच सोडतात. मग त्या पोराला इंग्रजीत दोन वेगळे शब्द कसे सुचणार? त्याच्या डोक्यात खणच एक आहे.

खातेवही
लघुलेखकांच्या मुद्द्यात भर. मी पतसंस्था आणि सहकारी बँकांची तपासणी करतो. ताळेबंदात ‘बुडीत व संशयित कर्ज निधी’ अशी ओळ असते. इथे संशयित म्हणजे डाऊटफुल. बँकेत हप्ता 90 दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात, पुढे 12 महिने तसंच राहिलं की संशयितात. पैसे परत येतील का याची खात्री नाही, एवढाच अर्थ. एका वार्षिक सभेत सचिवांनी ही यादी वाचली, तर मागून एक सभासद उठले: “माझ्या चुलतभावाला संशयित म्हणालात! म्हशी मेल्या म्हणून हप्ता थकला त्याचा. त्यानं चोरी काय केली ते सांगा आधी.” सचिव समजावतायत, ते ऐकत नाहीत. चहा गार झाला, अहवाल तसाच मंजूर. माझ्या मते त्या सभासदाचं काही चुकलं नव्हतं.

घाटावरचा
म्हणजे घोळ मराठीतच आहे. इंग्रजीवर कशाला राग काढायचा?

मास्तरीणबाई
मराठीत घोळ नाही, मराठी नीट ऐकत नाही आपण. नुसत्या ‘शंका’ शब्दाकडे बघू नका, वाक्याचा शेवट बघा. ‘तो येईल का, शंकाच आहे.’ ‘का’ आला, म्हणजे डाऊट. ‘मला शंका येतेय, त्यानंच घेतलं.’ ‘च’ आला, म्हणजे सस्पेक्ट. शंका असते तेव्हा मन मागे सरतं, शंका येते तेव्हा बोट पुढे होतं. आणि खरं तर बोलताना आपण हा शब्द वापरतही नाही. फिटरसाहेब, तुमचा तो पोरगा शेजारच्या कामगाराला काय म्हणाला असेल? “सील गळत असावं.” झालं! ‘असावं’ म्हणजे सस्पेक्ट. ‘असेल असं वाटत नाही’ म्हणजे डाऊट. मनात ‘असावं’ आलं की डाऊटला हात लावायचा नाही.

आणि घाटावरच्यांना आनंद होईल असंही एक सांगते. पुढे दॅट नसून नुसतं नाम असेल तर ती पोस्ट अगदीच चूक नाही. ‘आय डाऊट हिज मोटिव्ह्ज’ आणि ‘आय सस्पेक्ट हिज मोटिव्ह्ज’, दोन्हींत त्याच्या हेतूंवर विश्वास नाही. उलटे होतात ते दॅट आल्यावर.

जुना_फिटर
‘असावं’ हे बरोबर. ते मला तेव्हा सुचायला हवं होतं, पोराला चार शिव्या कमी बसल्या असत्या. नामाचं म्हणाल तर ठीक, अर्धा मार्क त्या पोस्टला. 27 अंगठ्यांतले 13 ठेवा.

लातूरची_आई
हे ‘असावं’चं मी आज मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “आई, हे परीक्षेला नाही.”

घाटावरचा
मी अजूनही म्हणतो की संदर्भातून कळतं. पण आज दुपारी क्लायंटला मेल लिहायला बसलो. ‘वी डाऊट द सर्व्हर’ लिहिलं, खोडलं. ‘सस्पेक्ट’ लिहिलं, तर सर्व्हरला अटक करायला निघाल्यासारखं वाटलं, तेही खोडलं. बाजूचा विचारतोय, एवढ्याशा मेलला पाऊण तास? शेवटी ‘द सर्व्हर मे बी डाउन’ लिहून पाठवलं. झालं समाधान काका?

जुना_फिटर
‘मे’ आणि ‘बी’ वेगवेगळे लिहिलेत ना?