माले पक्कं याद शे! : छातीठोक आठवणींचा अनुभव धागा

बोरीकाठचा (अमळनेर)

गेल्या आखाजीला आम्ही भावंडं घरी जमलो आणि बोलण्यात ३१ ऑक्टोबर १९८४ निघाला. मी नेहमीची टेप लावली. चौथीचा वर्ग, मधल्या सुट्टीच्या आधी गुरुजी दारात उभे, डोळ्यांत पाणी. "इंदिराबाई गेल्या," एवढंच बोलले आणि घंटा झाली. गुरुजींच्या टोपीवरचा शाईचा डागसुद्धा मला दिसतो. चाळीस वर्षं सांगतोय हे.

ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, दिवाळीच्या सुट्टीत शाळा उघडली कोणी होती रे?"

मी उसळलो, "माले पक्कं याद शे!" मग पोरानं मोबाईलवर काढून दाखवलं. त्या साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, म्हणजे ३१ला सुट्टी चालूच. शिवाय आकाशवाणीनं मृत्यूची बातमी दिली ती संध्याकाळी. मधल्या सुट्टीच्या आधी गुरुजींना कळणार कुठून? ताई म्हणते, आपण चोपड्याला मामाकडे होतो, मामी शेंगा फोडत होती.

मग ते रडणारे गुरुजी कुठले? त्याच साली २५ नोव्हेंबरला, रविवारी, यशवंतराव चव्हाण गेले. गुरुजी सोमवारी त्यांच्यासाठी रडले असावेत आणि मी ते अश्रू इंदिराबाईंच्या खात्यावर जमा केले, असा माझा कयास. कयासच. डाग मात्र अजून तितकाच ठळक दिसतो.

तुमचे किस्से लिहा. आपटलेले हवेत, तसे खरे ठरलेलेही.

केळीवाला (रावेर)

आमचे आबा. घड कापून मजुराच्या खांद्यावर गेला की लांबूनच वजन सांगतात. "बावीस." काट्यावर २१ किलो ८००. गेली कित्येक वर्षं हेच. किलोभराच्या वर चुकलेले मी क्वचित पाहिले.

हेच आबा, हाच आवाज, मिशीवर हाच हात: "आठ दिस थांब, बऱ्हाणपूरचा भाव चढी." मी थांबलो. ऊन असं तापलं की घड झाडावरच पिकायला लागले. व्यापाऱ्यानं बागेत चक्कर मारली आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसला. भाव? तो उतरला.

मला त्या दिवशी कळलं की वजनाच्या बाबतीत काट्यानं आबांना हजारो वेळा तोंडावर सांगितलंय, बरोबर की चूक. भावाचा अंदाज चुकला की आबा म्हणतात, "व्यापारीसनी मिळीसन पाडा," म्हणजे व्यापाऱ्यांनीच मिळून पाडला. त्यांचा अंदाज आजवर एकदाही चुकलेला नाही, विचारून बघा.

मानसशास्त्राची मास्तरीण (जळगाव)

बोरीकाठचे भाऊ, तुमच्या जोडीला माणसं आहेत. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकेत एमरी विद्यापीठातल्या उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे, कोणाकडून कळली. अडीचेक वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. सुमारे पाव जणांचं सगळंच चुकलं. आणि खात्री किती, तर सरासरी पाचपैकी चाराच्या वर! जुना कागद, स्वतःचं अक्षर समोर ठेवलं तरी मूळ आठवण परत आली नाही. दर वेळी सांगताना आपण आठवण थोडी नव्यानं बांधतो, आणि जितकी सांगावी तितकी ती जिभेवर गुळगुळीत होते. तो गुळगुळीतपणा आपल्याला खरेपणा वाटतो.

काळा कोट (धुळे)

सोनसाखळी चोरीची केस. ओळख परेडमध्ये बाई दोघांपुढे बराच वेळ घुटमळल्या, मग म्हणाल्या, "हाच असावा." बाहेर आल्यावर कोणीतरी म्हणालं, "ताई, बरोबर ओळखलंत." तीन वर्षांनी कोर्टात त्याच बाई: "शंभर टक्के हाच. ते डोळे मी जन्मात विसरणार नाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मी आरोपीचा वकील असून सांगतो. उलटतपासणीत परेडचा कागद वाचून दाखवला तेव्हा त्या खरोखर गोंधळल्या. "असावा" हा शब्द आपण वापरला होता हेच त्यांना आठवेना. "बरोबर ओळखलंत" एवढ्या शाबासकीनं साक्षीदाराची खात्री फुगते, हे १९९८ साली प्रयोगानं दाखवून झालंय. अमेरिकेत रोनाल्ड कॉटन अशाच ठाम ओळखीवर दहा वर्षांहून जास्त आत राहिला. १९९५ला डीएनएनं सुटला.

पण म्हणून खात्रीला काडीची किंमत नाही असंही नाही. परेड नीट घेतली असेल, तर पहिल्या वेळची, कोणी काही बोलायच्या आधीची खात्री बऱ्यापैकी कामाची असते. म्हणून मी आधी पहिला कागद मागतो, कोर्टातला आवाज नंतर ऐकतो.

थोरली सून (शिरपूर)

बिबड्यांच्या पिठात मीठ टाकलंय, असं सासूबाई म्हणाल्या. मीही टाकलं होतं. दोघींनाही पक्कं आठवत होतं, आणि त्या वर्षी दोघी खऱ्या निघाल्या.

निवृत्त लोको पायलट (भुसावळ)

आमच्याकडे दिसलेला सिग्नल मोठ्यानं म्हणावाच लागतो, आणि सहायकानंही. नव्या पोरांना हसू येतं. एका रात्री खंडव्याकडे जाताना मी म्हणालो, "हिरवा." सहायक म्हणाला, "डबल पिवळा, साहेब." मी पुन्हा पाहिलं. डबल पिवळा. पुढे पिवळा, त्याच्या पुढे लाल. त्या जागी मला इतकी वर्षं हिरवाच मिळत आला होता की मी न बघताच बघितलं. शपथेवर हिरवा सांगितला असता.

बोरीकाठचा (अमळनेर)

काल न राहवून जुन्या वर्गमित्राला फोन लावला. तो म्हणतो, "गुरुजी कोणते? आपले? ते तर टोपी घालतच नव्हते." मी विचारलं, नक्की? म्हणाला, "मन्हावर इसवास ठेव, माले पक्कं याद शे."