मदत हवी आहे: क्षारपड झालेलं नदीकाठचं रान, आधी जिप्सम की आधी निचरा?

नमस्कार मंडळी,

मिरज तालुक्यात कृष्णाकाठी आमचं 3 एकर काळं रान आहे, आण्णा बघतात, मी पुण्यात नोकरीला. लहानपणी ह्याच रानात एकरी 60 टन ऊस बघितलाय, यंदा नवी लावण असूनही एकरी 22 टनावर आला. उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरं मीठ फुलतं, दोन फूट खणलं की पाणी लागतं आणि दिवाळीपर्यंत वाफसाच (मशागत करता येईल इतपत ओल) येत नाही. वर्षानुवर्षं पाटानं भरमसाठ पाणी दिलं ही आमचीच चूक, पण 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी आठ-आठ दिवस रानात बसलं तेव्हापासून फारच बिघडलंय.

माती तपासली. सामू (पीएच) 8.9, ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) 5.2, सोडियमचं प्रमाण (ईएसपी) 19 टक्के. म्हणजे नुसती क्षारपड नाही, क्षारयुक्त चोपण, म्हणजे मीठही जास्त आणि सोडियमनं माती घट्टही झालेली. दुकानदार म्हणतो जिप्सम टाका, सुधारेल. पण जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून सोडवतं, तो सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली धुऊन जायला पाहिजे ना, आणि आमच्या खाली तर पाणीच उभं आहे, मग तो जाणार कुठं? म्हणून मला वाटतं आधी निचरा, मग जिप्सम, मग धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) करून फुलोऱ्यात गाडायचा. शिरोळकडं जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाकलेली रानं बघून आलो, जिथं कुसळ उगवत नव्हतं तिथं ऊस उभा आहे, बघून डोळे भरून आले खरं सांगतो.

अडचण अशी की पाईपचं पाणी ओढ्याला काढायचं तर मधे भावकीतल्या काकांचं रान लागतं आणि ते म्हणतात तुमचं मीठ माझ्या रानात नको. बंद पाईपनं नेलं तर पाझरणार नाही हे त्यांना कसं पटवावं? ओढाही गाळानं भरलाय. आणि पुरात ओढा फुगला की पाणी पाईपमधून उलटं रानात येतं का, तोंडाला झडप बसवतात का कुणी? कुणी केलं असेल तर एकरी खर्चही सांगा.

आण्णा 71 चे आहेत, विकू देत नाहीत, आणि मलाही विकायचं नाही.

अपडेट: विहिरीचं पाणी तपासलं का असं दोघांनी विचारलंय. नाही तपासलं, हे डोक्यातच आलं नव्हतं, तेच पाणी खारं असेल तर सगळं वाया. रविवारी जातोय, बाटली भरून कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात विचारतो.