समुपदेशकाने किशोर कादंबरी लिहिताना कामातलं किती घ्यावं?

कवडसा:
शाळेत समुपदेशन करते. १२ ते १५ वयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहिते आहे. नायक आठवीत, वर्गात उभं राहून धडा वाचायची वेळ आली की त्याला पॅनिक अटॅक येतो. मुलांकडून ऐकलेलं नावं बदलून वापरलं तर चालतं का? दुसरं म्हणजे, शेवटची प्रकरणं माहितीपत्रकासारखी वाटतात असं वाचणारे म्हणतात. काय करावं?

उंबरठा:
नाव बदलून काहीच होत नाही. मूल ओळखू येतं ते तपशिलांच्या जुळणीवरून. वडील एसटीत कंडक्टर, आजीकडे राहतो, सहामाहीनंतर शाळा बदलली, एवढं एकत्र आलं की अख्खं गाव नाव सांगेल. भीती कशी वाढते, कशाने टिकते, तेवढंच घ्या. घर, आजार सुरू होण्याचा प्रसंग, बोलण्याची लकब, सगळं नव्याने रचा. ते मूल पुस्तक वाचणारच आहे असं धरून लिहा.

पालकांची संमती घेऊन खरी केस लिहिण्याच्या फंदात पडू नका. उपचार चालू असताना तुम्हाला ‘नाही’ म्हणणं त्यांना जड जातं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ गोपनीयतेबद्दल आहे, तेही बघून ठेवा.

आणि कादंबरीतल्या समुपदेशक ताईंच्या तोंडी ‘हे मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन घालू नका. मुलाचं लैंगिक शोषण कळलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. पुस्तकातल्या वचनावर विसंबून कुणी बोललं, तर त्या मुलाची फसवणूक होईल.

शेवगा:
माहितीपत्रक होतं कारण शेवटी समुपदेशक बोलायला लागतो. त्याला एका वेळी तीन वाक्यांच्या वर बोलू देऊ नका. शास्त्र प्रसंगात जिरवा.

पोराचा श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. त्याला वाटतं हार्ट अटॅकच आला. झटका साधारण दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि ओसरतो, मागे थकवा उरतो. पुष्कळ कथांत मूल बेशुद्ध पडतं. प्रत्यक्षात सहसा पडत नाही, कारण अशा वेळी रक्तदाब वाढलेला असतो.

खरं कथानक टाळाटाळीत आहे. मराठीच्या तासाला पोटात दुखतं, पाणी प्यायला बाहेर जातो. बाई प्रेमाने त्याचा नंबर गाळतात. त्या दिवशी सुटका होते आणि भीती आणखी पक्की होते. खलनायक लागतच नाही, बाईंचा चांगुलपणाच घात करतो.

मग भीतीला ० ते १०० गुण देऊन पायऱ्या करा: घरी एकटा २०, बहिणीसमोर ३५, रिकाम्या वर्गात बाईंसमोर ६०, वर्गात दोन ओळी ७५, पूर्ण धडा ९०. भीती उतरेपर्यंत एकेक पायरी पुन्हा पुन्हा. एक पायरी फसू द्या. ‘खोल श्वास घे’ हा मंत्र मात्र नको. घाबरून मोठमोठे श्वास घेतले तर मुंग्या वाढतात. श्वास हळू सोडण्यावर भर हवा.

उंबरठा:
सगळ्या पायऱ्या लिहिल्या तर पुस्तक कंटाळवाणं होईल. ३५ ची आणि फसलेली ७५ ची सविस्तर दाखवा, बाकी दोन ओळींत उरका.

कवडसा:
पटलं. उपकथानकात दहावीच्या निकालानंतर एका मुलीची आत्महत्या आहे. ठेवू का?

शेवगा:
कथेला तिची गरज नसेल तर काढा. ठेवायचीच असेल तर पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर काहीही नको. ‘नापास झाली म्हणून’ असं एकच कारणही नको, आणि मेल्यावर सगळ्यांना तिची किंमत कळली असला प्रसंग तर अजिबात नको. तिने प्रयत्न करण्याआधी कुणाला तरी सांगितलं आणि त्याने ऐकून घेतलं, हे जास्त उपयोगी. शेवटच्या पानावर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ द्या.

मसुदा तुमच्याकडे येणाऱ्या मुलांना वाचायला देऊ नका, दुसऱ्या शाळेतल्या चार-पाच जणांना द्या. ‘आवडलं का’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. कोणत्या पानावर पुस्तक मिटलं ते विचारा.