मुंडावळ्या, गजरा आणि अंबाडा: नवरीच्या केसांची तयारी (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-६०२ काकू: लेकीचं लग्न डिसेंबरात आहे, मुहूर्त सकाळी ११.१२. केस खांद्याच्या जरा खाली, सरळ आणि पातळ. विधींना नऊवारी, संध्याकाळी रिसेप्शनला पैठणी. तिला दोन्ही वेळा मोकळे कुरळे केस हवेत. पार्लरवाल्या ताई, चालेल का?

बी-२०४ पार्लर: संध्याकाळी चालेल, विधींना नको काकू. आधी डोक्यावर काय काय येणार ते लिहून काढा: मुंडावळ्या, हार, अक्षता, डोक्यावरून शेला. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावरून कानांमागे जाऊन अंबाड्याखाली बांधला जातो. पुढे उंच पफ (केसांचा फुगा) काढला की तो वर सरकतो आणि सारखा ओढून खाली घ्यावा लागतो. म्हणून मधला भांग आणि पुढचे केस चापून बसवलेले. अंबाडा मानेपासून दोन बोटं वर. त्याहून खाली घेतला तर हार त्यावर घासतो, फार वर घेतला तर हार घालताना अडकतो.

सी-७०१ आजी: सुटे केस होमासाठीही नकोत गं. लाजाहोमात नवरी अग्नीवर वाकते.

बी-२०४ पार्लर: अगदी बरोबर आजी. आणि हेअर स्प्रे पेट घेतो, त्यामुळे होम सुरू असताना टचअपला स्प्रे काढायचाच नाही, करवलीला आधीच बजावून ठेवा. ओल्या स्प्रेवर अक्षतांचं कुंकूही चिकटतं. शेवटचा स्प्रे मांडवात जायच्या निदान २० मिनिटं आधी मारून पूर्ण वाळू द्यायचा.

ए-६०२ काकू: पण एवढ्याशा केसांचा अंबाडा भरदार कसा दिसणार?

बी-२०४ पार्लर: केस आदल्या दिवशी धुवायचे. तेल नाही, कंडिशनर फक्त टोकांना. लग्नाच्या सकाळी धुतलेले मऊ केस पिना धरत नाहीत. हळद त्याच सकाळी असेल तर शॉवर कॅप घालूनच बसवा, स्नानालाही तीच. ओल्या मुळांवर केलेला अंबाडा दोन तासांत सैल होतो.

मग हीट प्रोटेक्टंट लावून पूर्ण कोरड्या केसांना १८० अंशांवर क्रिम्पिंग (गरम मशीनने केसांना बारीक नागमोडी घड्या पाडणं), तेही फक्त मुळांशी आणि आतल्या थरात. वरचा थर गुळगुळीत ठेवायचा. मागे पोनी घट्ट बांधायची, कारण सगळा भार तीच घेते. त्यावर तिच्या केसांच्या रंगाचा डोनट (अंबाड्यात घालायची गोल चकती), त्यावरून तिचे केस पसरून जाळी. डोनट कडेने बॉबपिनांनी बसवायचा, दोन-दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या. बॉबपिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे हवी. बहुतेक जणी उलटी लावतात, म्हणून ती सरकते. वरून आकडे, म्हणजे यू पिना: आधी अंबाड्याचे केस पकडायचे, मग आकडा वळवून डोक्यालगत आत ढकलायचा. टोचलं तर तिने लगेच सांगायला हवं. सकाळी सहन केलेली पिन दुपारी डोकं दुखवते.

डी-१०३: नवरी स्मूदनिंग (केमिकलने केस सरळ, मऊ करणं) करून घ्यायचं म्हणतेय.

बी-२०४ पार्लर: लग्नाआधी मुळीच नको. ताज्या स्मूदनिंगवर कर्ल टिकत नाही आणि आकडे निसटतात. केसांना मेंदी किंवा रंग लावायचा तर आठ-दहा दिवस आधी. ट्रायल तीन-चार आठवडे आधी, तीही मुंडावळ्या बांधून, दागिने घालून. मान खाली घालून, पाटावर बसून, उठून बघायचं. नुसता आरशातला फोटो पुरत नाही.

ए-६०२ काकू: गजरा किती लागेल?

डी-१०३: डोनट १० सेंमीचा धरला तर एक वेढा ३१ सेंमी. बाहेरचा प्रत्येक वेढा वाढत जातो, म्हणून तीन वेढ्यांना दीड मीटर सांगा. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात. डिसेंबरात तो महाग पडतो आणि कळी बारीक येते. कुंद आणि शेवंती तेव्हा चांगली मिळते, त्यात अबोलीची एक ओळ द्या, नऊवारीवर उठून दिसते. दादरच्या फुलबाजारात पहाटे जायचं, ऑर्डर मात्र आदल्या दिवशी. घट्ट ओवलेला घ्या, दोऱ्याची दोन्ही टोकं वीतभर सुटी ठेवायला सांगा. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. माळण्याआधी पाणी झटका, नाहीतर मानेवरून थेंब ओघळून ब्लाउज भिजतो.

ए-६०२ काकू: संध्याकाळी तेच केस मोकळे सोडता येतील?

बी-२०४ पार्लर: सरळ सोडले तर क्रिम्पिंगच्या घड्या दिसतील. अंबाडा सोडल्यावर फक्त बाहेरच्या थराला कर्ल करा. प्रत्येक वळी गरम असतानाच गुंडाळून क्लिप लावायची, गार झाल्यावर सोडायची. गरम सोडली तर आपल्या मुंबईच्या दमट हवेत तासाभरात सरळ होते. त्यासाठी दीड तास वेगळा धरा. सकाळी केसांना दीड तास, मेकअपला तेवढाच, साडीला अर्धा. म्हणजे हाताशी तासभर राखून ११.१२ च्या मुहूर्ताला ६.३० ला खुर्चीत बसायला हवं. ब्लाउज हुकांचाच हवा, डोक्यावरून काढायचा नको.

सी-७०१ आजी: रात्री कंगवा घालू नका गं, गुंता होतो.

बी-२०४ पार्लर: हो. आधी सगळ्या पिना मोजून काढा. लावताना किती लावल्या ते लिहून ठेवलेलं असलं की एकही आत राहत नाही. मग कोरड्या केसांनाच भरपूर कंडिशनर, १५ मिनिटं तसेच ठेवून बोटांनी टोकांकडून मुळांकडे सोडवा, मग धुवा. काकू, ट्रायलला येताना मुंडावळ्या नक्की आणा.